रस्ता आपल्या गेटपासून सुरू होतो

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात माजी सचिवांनी केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला कार्यकारिणीने सांगितलं की काका, तुम्ही जुने आहात, पंधरा मिनिटं आठवणी सांगा. आठवणी सांगणारच आहे. पण आमचा जन्म बँकेत गेला. नुसती जमेची बाजू वाचून दाखवायची आणि नावे बाजू झाकायची, हे जमत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो. ताळेबंद जुळतो का ते तुम्ही बघा.

आपण इथे राहायला आलो त्याला यंदा पंचवीस वर्षं झाली. मी आलो तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. त्याआधी लालबागला चाळीत दोन खोल्या होत्या, संडास मजल्याच्या टोकाला. बँकेचं कर्मचारी गृहकर्ज मंजूर झालं, तेव्हा ठाण्यात काही मिळेना, डोंबिवलीत मिळायचं ते लहान. बदलापूर म्हटल्यावर आमच्या शाखेतले लोक हसले. सीएसटीपासून सुमारे अडुसष्ट किलोमीटर! एकाने विचारलं, "साहेब, तिकडे बदली झाली की वनवास?" पण बाल्कनीत उभं राहिल्यावर समोर भातशेती, पलीकडे वीटभट्टीचा धूर, पावसाळ्यात रात्रभर बेडकांचा गजर. आमच्या मंडळींना पहिले आठ दिवस शांततेमुळे झोप लागली नव्हती.

आपल्या बदलापूरच्या नावाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. इथे प्रवासातले घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण हे गाव वाटेवरचं, हे मात्र खरं. रेल्वे इथून १८५६ सालीच खोपोलीपर्यंत गेली. तरी पुढची शंभर-सव्वाशे वर्षं गाव गावच राहिलं. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली, तिच्यात आपण होतो. १९९२ मध्ये बाहेर पडून कुळगाव-बदलापूर नगर परिषद झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती १ लाख ७४ हजारांवर गेली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आज आपण किती आहोत ते सरकारी कागदावर नाही. पण संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पश्चिमेच्या बाजूला स्टेशनबाहेर उभं राहून बघा. कागद लागणार नाही.

आता मुद्द्यावर येतो.

दोन महिन्यांपूर्वी कार्यकारिणीचे तिघे माझ्याकडे आले. आपल्या समोरच्या मोकळ्या जागेवर आणि बाजूच्या बैठ्या घरांच्या जागेवर नवा प्रकल्प येतोय, हे तुम्हाला ठाऊक आहे. पत्रे लागलेत, पायाचं काम सुरू झालंय. शंभरावर घरं होणार असं ऐकतो. तिघांचं म्हणणं असं, की काका, तुम्ही अर्ज चांगला लिहिता, एक कडक हरकतीचं पत्र लिहा, आपण सगळे सह्या करू. रस्त्यावर आजच पाय ठेवायला जागा नाही, उद्या काय होणार?

मला पटलं. मलाही त्रास आहेच. पूर्वी मी स्टेशनला पंधरा मिनिटांत चालत जायचो. आता चालायला जागा शोधण्यातच पाच मिनिटं जातात. आमच्या हिने तर संध्याकाळी एकटीने रस्ता ओलांडणं सोडून दिलंय. मी त्याच रात्री बसून मसुदा लिहिला. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं. "या अरुंद रस्त्यावर आणखी शंभर कुटुंबे आल्यास ज्येष्ठ नागरिकांनी चालायचे कोठून?"

पत्राला जोडायला मंजूर नकाशाची प्रत हवी होती. म्हणून संस्थेची जुनी फाईल काढली. बिल्डरने ताबा देताना जे बाड आपल्या हवाली केलं, तीच ही फाईल. वाळवीने कडा खाल्लेल्या. त्यात मला एक हस्तलिखित अर्ज सापडला. १९९९ सालचा. नगर परिषदेला लिहिलेला, आणि खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून बिल्डरला दिलेली. लिहिणारे कोण? आपल्या शेजारच्या कौलारू घरातले आजोबा. आता ते नाहीत. अर्ज आपल्या इमारतीविरुद्ध होता. त्यातलं एक वाक्य वाचतो. "या गल्लीत बैलगाडी व सायकल यांपलीकडे वाहतूक नाही. अठ्ठावीस बिऱ्हाडे आल्यास लहान मुलांनी चालायचे कोठून?"

मी चष्मा काढून ठेवला. पंचवीस वर्षांनी मी तेच वाक्य लिहिलं होतं. फक्त लहान मुलांच्या जागी ज्येष्ठ नागरिक घातले होते. ती लहान मुलं आता मोठी झाली असतील.

म्हणजे समोरच्या प्रकल्पाबद्दल आपण आज जे म्हणतोय, ते गावाने आपल्याबद्दल म्हणून झालंय. आपण आलो तेव्हा आपणच ते "नवीन लोक" होतो. आणि एक सांगायला हवं. तो अर्ज करणारे आजोबा आपण राहायला आल्यावर पहिल्याच जूनमध्ये परडीभर जांभळं घेऊन आले होते. पहिल्या दहा-बारा बिऱ्हाडांना आठवत असेल. आज बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा ती परसातलीच होती. अर्जाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

मसुदा मी तसाच ठेवला. म्हटलं, आधी मोजू. बँकेत कोणी म्हणालं की रोख कमी आहे, तर आधी मोजणी करतात, मग आरडाओरडा. तीन दिवस सकाळी साडेसात ते साडेनऊ मी पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसलो. चार उभ्या रेघा आणि एक आडवी, अशा पाचाच्या जुड्या करत गेलो. नातू म्हणाला, आजोबा, कॅमेऱ्यात बघा ना. म्हटलं, कॅमेऱ्याला गाडी दिसते, गाडी का थांबली ते दिसत नाही.

मला काय दिसलं ते सांगतो. माझा अंदाज होता की सगळा घोळ त्या सिमेंटच्या मिक्सरमुळे आणि डंपरमुळे आहे. दोन तासांत ते आले तीन नाहीतर चार. एकेकाने मागे-पुढे करत बराच वेळ रस्ता अडवला, हे खरं. पण रस्ता तुंबत होता तो त्यांच्याविनाही. निम्म्याहून जास्त दुचाकी, त्याखालोखाल रिक्षा, मग मोटारी आणि शाळेच्या बस. रस्ता कुठे तुंबत होता? आपल्याच गेटसमोर.

तुम्ही म्हणाल, आपल्या गेटसमोरच का? साधा हिशोब आहे. रस्ता कागदावर नऊ मीटरचा. मोटार साधारण पावणेदोन मीटर रुंद, कडेचं अंतर आणि आरसा धरून दोन मीटर. दोन्ही बाजूंना मोटारी लावल्या की चार मीटर गेले, उरले पाच. शाळेची बस अडीच मीटर. समोरून रिक्षा आली तर कशीबशी निघते. मध्ये भाजीची हातगाडी उभी राहिली की संपलं. आणि त्या तीन दिवसांत आपल्या गेटच्या दोन्ही बाजूंना मिळून सरासरी अकरा मोटारी उभ्या होत्या. नंबर लिहून घेतले. त्यातल्या सात आपल्याच सभासदांच्या. नावं वाचत नाही, घाबरू नका. एक आमच्या जावयाची होती, एवढं सांगतो.

आता आपलं स्टिल्ट आठवा. बारा मोटारींची जागा नकाशात आहे. आज आत किती लागतात? सहा. बाकीच्या जागेत काय आहे? संस्थेचं जुनं लोखंडी कपाट, गणपतीच्या मखराचे थर्मोकोल, कोणाचा तरी मोडका पलंग, दोन बंद स्कूटर, त्यातली एक बजाज चेतक माझी. म्हणजे नगर परिषदेच्या रस्त्यावर मोटार आणि आपल्या पार्किंगमध्ये पलंग.

या रस्त्याच्या रुंदीचं आणखी एक महत्त्व आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिच्यात समोरचा रस्ता जितका रुंद, तितकी जास्त एफएसआयची मुभा. तत्त्व चांगलं आहे. रुंद रस्त्यावर मोठी इमारत, अरुंद रस्त्यावर लहान. पण ही रुंदी मोजतात नकाशावर. प्रत्यक्षात गाड्या लावून पाच मीटर उरलेला रस्ताही कागदावर नऊ मीटरचाच राहतो. इमारत कागदावरच्या रस्त्याच्या मापाने उभी राहते आणि माणसं उरलेल्या रस्त्यावरून चालतात. ही तफावत सरकारने एकट्याने केलेली नाही. तिच्यात आपला दोन-दोन मीटरचा वाटा आहे.

दुसरी गोष्ट. ट्रॅफिक म्हणजे गाड्यांची संख्या, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. माझ्या शाखेत महिन्याच्या एक तारखेला पेन्शनवाले यायचे. दिवसभरात दोनशे लोक आले असते तर तीन काउंटरवर कोणालाही उभं राहावं लागलं नसतं. पण सगळे दहाच्या ठोक्याला दारात. आणि त्यात एक रोखपाल चहाला गेला की रांग जिन्यापर्यंत. रस्त्याचंही तसंच आहे. सकाळी आपण सगळे एकाच दिशेला निघतो, स्टेशनकडे. संध्याकाळी लोकल आली की शेकडो माणसं एकदम बाहेर पडतात, रिक्षा भराभर भरतात आणि ती सगळी तुकडी एकदमच मांजर्लीत शिरते. दहा मिनिटं तुंबतं, मग रिकामं, मग पुढची लोकल. अशा वेळी कडेला लावलेली एक मोटार म्हणजे ऐन पेन्शनच्या दिवशी बंद केलेला एक काउंटर.

यातलं सगळंच काही आपल्या हातात नाही. पूर्व-पश्चिम जायला उड्डाणपूल, नाहीतर बेलवलीचा भुयारी मार्ग, आणि तो मुसळधार पावसात पाण्याखाली जातो. पुलावर गर्दी झाली की तिचं शेपूट गल्लीत येतं, त्याला आपण काय करणार? कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी रेल्वे मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी ३ ए मध्ये आहे, सुमारे चौदा किलोमीटरची. कांजूरमार्गहून बदलापूरपर्यंत मेट्रो १४ आखली आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही आपल्या जवळून जातोय. या सगळ्या गोष्टी व्हाव्यात. मी छत्तीस वर्षं लोकलला लोंबकळून नोकरी केली आहे. मला कोणी गाड्यांची गरज समजावून सांगायला नको.

पण अनुभव असा, की मार्गिका यायच्या आधी तिची जाहिरात येते आणि जाहिरातीबरोबर इमारत येते. घोडबंदर रस्ता बघा. रुंद झाला, उड्डाणपूल झाले. रस्ता सुधारला म्हणून दोन्ही बाजूंना संकुलं आली आणि संकुलं आली म्हणून रस्ता पुन्हा भरला. आज तिथल्या कोंडीच्या बातम्या आपण रोज वाचतो. नवीन घरं थांबणार नाहीत. थांबावीत असंही मला वाटत नाही. लालबागच्या दोन खोल्यांतून मी इथे येऊ शकलो, कारण इथे कोणीतरी परवडणारी इमारत बांधली. समोरच्या इमारतीतही कोणीतरी असंच पहिलं कर्ज काढून येणार. कर्जाचा अर्ज भरताना माणसाचा हात कसा थरथरतो, ते मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

आता नावे बाजू. ही माझ्या नावावरची आहे.

आपल्या आवाराच्या मागच्या बाजूला एक लोखंडी फाटक आहे. नवीन सभासदांना ते माहीतही नसेल, कारण त्याला बोगनवेल चढली आहे. त्याच्यापुढे दहा फुटांची वाट आहे, ती मागच्या रस्त्याला लागते. मंजूर नकाशात ती स्पष्ट दाखवलेली आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी आलं, त्या रात्री मी मुंबईत अडकलो होतो. शाखेतच टेबलावर झोपलो. घरी ही आणि दोन मुली. तळमजल्यात पाणी शिरलं, पुढचा रस्ता बुडाला. तेव्हा तळमजल्यावरची सगळी बिऱ्हाडं, म्हातारी माणसं, तान्ही मुलं या मागच्या वाटेने वरच्या बाजूच्या इमारतीत गेली. तिथल्या लोकांनी रात्रभर चहा दिला. मी दोन दिवसांनी घरी पोचलो. मला सगळं ऐकून कळलं. मी नव्हतो, म्हणूनच कदाचित त्या वाटेची किंमत मला कळली नाही.

कारण दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, मी सचिव असताना आवारातून एक मोटरसायकल चोरीला गेली. सभेत चर्चा झाली की मागून कोणीही येतं-जातं. मी ठराव मांडला, "मागील फाटक कायमस्वरूपी कुलूपबंद ठेवावे." इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे. सर्वानुमते मंजूर. मला अभिमान वाटला होता, चला, सुरक्षेचं काम केलं.

पुढे २०१९. जुलैची २७ तारीख. त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी होते. नौदल, हवाई दल, एनडीआरएफ सगळे आले. टीव्हीवर देशाने बघितलं. त्याच पहाटे आपल्या स्टिल्टमध्ये गुडघ्यापर्यंत पाणी होतं. तळमजल्यावरच्या काकूंना मागच्या वाटेने बाहेर न्यायचं ठरलं, तर फाटकाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे होती ते सभासद गावी गेलेले. शेवटी काकूंच्याच स्वयंपाकघरातला वरवंटा आणून कुलूप फोडलं. त्या वेळी पावसात उभा राहून मी कुलपावर पडणारा एकेक घाव बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हा ठराव आपला.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर फाटक उघडं राहिलं असेल. नाही. ऑगस्टच्या सभेत नवीन कुलूप आणायचा खर्च मंजूर झाला. ४८० रुपये. आणि मी हात वर केला होता. पाणी ओसरलं की माणसाला चोर आठवतात.

आता या फाटकाचा आणि ट्रॅफिकचा संबंध काय? मोजणीच्या तिसऱ्या दिवशी तो लक्षात आला. आपली पिठाची गिरणी मागच्या रस्त्यावर आहे. दवाखाना मागच्या रस्त्यावर आहे. बालवाडी मागच्या रस्त्यावर आहे. फाटकातून गेलं तर गिरणी माझ्या ऐंशी पावलांवर. पण कुलूप असल्यामुळे पुढच्या गेटने बाहेर पडा, मुख्य रस्त्याला लागा, कोपऱ्यावरून वळा, मग मागचा रस्ता. एवढं अंतर पाच किलोचा डबा घेऊन कोण चालणार? स्कूटर निघते. बालवाडीच्या लेकराला सोडायलाही स्कूटर. मागच्या इमारतीतल्या मुलांना आपल्या बाजूच्या शाळेच्या बसला यायचं तर त्यांनाही उलटा वळसा. सकाळच्या त्या दुचाकींच्या जुड्यांमध्ये कितीतरी रेघा अशा होत्या, ज्या खरं म्हणजे चालत जाणारी माणसं होती. त्यांना आपण गाडीवर बसवलं. एका कुलपाने.

सभासदहो, मी मसुद्याचं पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. ते कार्यकारिणीकडे दिलं आहे. त्यात नवीन इमारत थांबवा असं लिहिलेलं नाही. तीन मागण्या आहेत. एक, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ बांधकामाची अवजड वाहनं गल्लीत आणू नयेत. दोन, रस्त्यासाठी सोडायची जागा भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी मोकळी करून, रस्त्याला जोडून द्यावी. तिच्यावर विक्री कार्यालय आणि कुंड्या नकोत. तीन, त्यांच्या आवारातून पलीकडच्या रस्त्याला पायवाट ठेवावी. या मागण्या रीतसर आहेत, मान्य होण्यासारख्या आहेत, आणि "बांधूच नका" या मागणीपेक्षा त्यांचा पाठपुरावा करणं सोपं आहे.

पण दुसऱ्याकडे पायवाट मागायची आणि आपल्या पायवाटेला कुलूप ठेवायचं, हे शोभत नाही. तिथले अधिकारी सोडा, आपला नातूच विचारेल. म्हणून आपल्यासाठीही तीन गोष्टी सुचवतो. पहिली, स्टिल्ट रिकामं करायचं. सुरुवात माझ्या चेतकपासून. भंगारवाल्याला सांगितलंय, रविवारी येतोय. तिचा पहिला हप्ता फेडला तेव्हा पेढे वाटले होते, त्यामुळे थोडं जड जातंय, पण जाईल. दुसरी, गेट रस्त्याच्या कडेवरून आठ-दहा फूट आत घ्यायचं, म्हणजे रिक्षा आणि शाळेची बस रस्त्यात न थांबता आत वळून थांबेल. आपली जागा जात नाही, फक्त कुंपण सरकतं. तिसरी, मागचं फाटक सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवायचं. फक्त पायी आणि सायकलसाठी, मध्ये खांब रोवून. रात्रीची किल्ली एकाकडे नको, तीन घरांत ठेवायची, त्यातलं एक घर तळमजल्यावरचं.

विरोध होईल, मला माहीत आहे. चोरीची भीती खोटी नाही. ज्यांची मोटरसायकल गेली होती ते समोर बसले आहेत. त्यांना मी सांगीन, की तेव्हा आपल्याकडे ना पहारेकरी होता ना कॅमेरा. आज दोन्ही आहेत. आणि जिथून दिवसभर माणसं येतात-जातात, लेकरं शाळेला जातात, तिथे चोराला एकांत मिळत नाही. तरीही भीती राहिली, तर तीन महिने करून बघू. नाही पटलं तर पुन्हा सभा घेऊ. पुन्हा कुलूप लावायचा ठराव दुसऱ्या कोणी मांडावा, इतकंच. मी एकदा मांडला आहे.

आणखी पाच-सात वर्षांनी आपली इमारतही पुनर्विकासाला जाईल. चर्चा आत्तापासूनच जिन्यात चालतात, किती चौरस फूट वाढीव मिळणार, कॉर्पस किती मिळणार. त्या करारात माझी एक अट लिहून ठेवा, मी असेन नसेन. अठ्ठावीसच्या जागी जितकी बिऱ्हाडं येतील, त्यांची वाहनं आत मावली पाहिजेत आणि मागची वाट राहिली पाहिजे. नाहीतर तेव्हा कोणीतरी समोरच्या नव्या इमारतीतून आपल्याविरुद्ध अर्ज लिहील. आणि त्यात तेच वाक्य असेल.

समोरचे लोक दोन-तीन वर्षांत राहायला येतील. त्यांच्याविरुद्ध अर्ज केलात तरी हरकत नाही, पण पहिल्या जूनमध्ये जांभळं घेऊन जा. आपल्यासाठी कोणीतरी आणली होती.

अध्यक्ष महोदय, पंधरा मिनिटांची वीस झाली, क्षमस्व. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा अशी विनंती आहे. "सन २००७ चा मागील फाटक कुलूपबंद ठेवण्याबाबतचा ठराव रद्द करणे." सूचक मी आहे. अनुमोदक कोण, ते जेवताना मला सांगा.